घाटात अडकलेली रात्र आणि गाडीतली थंडी

मागच्या महिन्यात ओपीडीत एक ओळखीचे गृहस्थ आले. जळगावचे, केळीचे व्यापारी. दोन कुटुंबं, सहा माणसं, स्वतःच्या गाडीनं मनालीला निघाली होती. "डॉक्टर, सोबत कोणकोणत्या गोळ्या ठेवू, तेवढं लिहून द्या," म्हणाले. मी ताप, उलटी, जुलाबाच्या गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, "गाडी रस्त्यात रात्रभर अडकली तर काय कराल?" ते हसले. "हीटर आहे ना गाडीत. काचा लावायच्या आणि झोपायचं."

हे उत्तर ऐकून मी पेन खाली ठेवलं. बाहेर पेशंट बसलेले असताना त्यांना वीस मिनिटं बसवून जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो. कारण हेच उत्तर एकेकाळी माझंही होतं.

आपण खान्देशी माणसं उन्हाला मानतो, थंडीला मानत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ अंशांवर तापतं, तेव्हा उष्माघातावर मी लेख लिहितो आणि तुम्ही तो सगळीकडे पाठवता. थंडीवर लिहिलं की "आपल्याकडे कुठे एवढी थंडी?" असं विचारता. पण धुळ्याला कृषी महाविद्यालयाच्या केंद्रावर दर हिवाळ्यात पारा कुठवर उतरतो ते पेपरात वाचताच ना? पाच-सहा अंश म्हणजे तिथे नवल नाही. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि उत्तरेचा वारा, की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडून देते. आणि थंडीनं माणूस दगावायला बर्फ लागत नाही. म्हातारं शरीर, ओले कपडे, रिकामं पोट आणि वारा, एवढं असलं तर दहा अंशही पुरतात.

आता माझी गोष्ट. कन्नडचा घाट तुम्हाला माहीत आहे. चाळीसगावहून वर चढणारा, औट्रम घाट म्हणतात तो. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं तिथे अवजड वाहनांना बंदी आली. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं, जेव्हा एक ट्रेलर वळणावर आडवा झाला की रात्रभर घाट तुंबायचा. डिसेंबर संपत आला होता. आम्ही लग्नाहून धुळ्याला परतत होतो. मी, बायको, शालक आणि मागच्या सीटवर माझे वडील, दादा. दादांचं वय ७४, मधुमेह जुना, इन्सुलिन चालू, शिवाय रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी. साडेअकराच्या सुमारास घाटात उतरलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुढचे लाल दिवे थांबले ते थांबलेच.

पहिला तास मजेत गेला. शालकानं इंजिन चालू ठेवून हीटर लावला, काचा बंद केल्या. मीच म्हणालो, "झोपा आता, निघाल्यावर उठवतो." डॉक्टर असून म्हणालो. आमच्या पुढे दोन हातांवर ट्रक, त्याचंही इंजिन चालू, त्याच्या सायलेन्सरचा धूर आमच्या बॉनेटवर. एका बाजूला डोंगराची भिंत, म्हणजे धूर जायला जागाच नाही. अर्ध्या तासानं बायको म्हणाली, "डोकं धरलंय माझं." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि इंजिन बंद करून चारही काचा उघडल्या.

गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. वास येतो तो धुरातल्या इतर गोष्टींचा. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण त्याला कार्बन मोनॉक्साइडची ओढ ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त. एकदा तो हिमोग्लोबिनवर चढून बसला की उतरायला तयार नाही, जनरल डब्यात जागा धरून बसलेल्या माणसासारखा. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. लक्षणं अगदी साधी असतात. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, सुस्ती. प्रवासात या सगळ्याला आपण "गाडी लागली" म्हणतो आणि झोपून जातो. झोपलेल्या माणसाला पुढची लक्षणं कळत नाहीत.

इंजिन बंद झालं आणि हीटरही गेला. इंजिन बंद केल्यावर तासाभरात गाडी बाहेरच्याइतकीच गार होते. पत्राच तो. आमच्याकडे काय होतं? लग्नातले कपडे, बायकोची एक शाल आणि डिकीत आईनं नेहमीच्या सवयीनं कोंबलेली जुनी गोधडी. त्या गोधडीला मी किती वेळा नावं ठेवली होती! दादांना मध्ये घेतलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शालक, तिघांवर गोधडी. नुसतं बसलेलं माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतं. चार माणसं चार सीटवर वेगवेगळी बसली तर ती उष्णता चार काचांमधून निघून जाते, चिकटून बसली तर एकमेकांना मिळते. आहेराच्या पिशव्यांतले वर्तमानपत्राचे कागद शर्टाच्या आत, पाठीला आणि छातीला लावले. हसू नका. थांबलेली हवा हेच सगळ्यात स्वस्त पांघरूण.

दादा कुडकुडत होते, बोलत होते, ड्रायव्हर लोकांना शिव्या घालत होते. तीनच्या सुमारास गप्प झाले. कुडकुडणंही थांबलं. मला वाटलं, ऊब आली, झोप लागली. इथे मी दुसरी चूक करत होतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला माणूस जोरात कुडकुडतो, कारण स्नायू थरथरवून शरीर उष्णता तयार करतं. तापमान आणखी घसरलं, ३२ च्या आसपास आलं, की कुडकुडणं थांबतं. माणूस अडखळत बोलतो, हातातली वस्तू पडते, काही विचारलं तर चिडतो किंवा उत्तरच देत नाही. थंडीत कुडकुडणारा माणूस शांत झाला तर आधी त्याला हाक मारा. पांघरूण नीट करून सोडून देऊ नका.

मी हाक मारली. "दादा, आज लग्न कुणाचं होतं?" ते म्हणाले, "हं... बैल बांध." म्हणजे काहीतरी बिघडलं होतं. पण थंडी की साखर? संध्याकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि पंगतीत गडबडीत अर्धी पुरी खाल्लेली. साखर कमी झाली की माणूस असाच बरळतो, आणि साखर कमी असताना शरीराला नीट कुडकुडताही येत नाही. वर बीटा ब्लॉकर, म्हणजे साखर उतरताना होणारी छातीतली धडधडही दबलेली. ग्लुकोमीटर काढला तर स्क्रीनवर एरर. थंडीत हे यंत्र रुसतं, बहुतेक ग्लुकोमीटर दहा अंशांच्या खाली चालत नाहीत. मी तो आणि पट्ट्यांची डबी दोन्ही काखेत दाबून दहा मिनिटं बसलो. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. दादांची बोटंही गार, रक्त येईना. चोळून, फुंकर मारून एक थेंब काढला. ५८.

गिळता येत होतं, म्हणून पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजली. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.) पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ८१. मग लग्नातले लाडू. आणि मग दादा कुडकुडायला लागले. कुणाचं कुडकुडणं पाहून मला एवढा आनंद कधीच झाला नव्हता.

पाचच्या सुमारास काचेवर टकटक झाली. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर, शिरपूरकडचा असावा. गाडीवरचं डॉक्टरचं चिन्ह पाहून आला होता. "डॉक्टरसाहेब, मना क्लिनर... डोकं दुखी ऱ्हायनं म्हणे, आते उठी नही ऱ्हायना." केबिनचं दार उघडलं तर आत कोळशाची शेगडी. रात्री तिच्यावर चहा केला आणि ऊब म्हणून ती तशीच ठेवून, काचा बंद करून पोरगा झोपला. ड्रायव्हर बाहेर शेकोटीवर बसला होता म्हणून वाचला.

पोराचं वय अठरा-एकोणीस. उलटी झालेली, अर्धवट शुद्धीत. मी खिशातला पल्स ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावला. ९८ टक्के! हे यंत्र इथे खोटं बोलतं, हे कृपया लक्षात ठेवा. साधा ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साइड, यात फरक करू शकत नाही, तो दोघांना एकच समजतो. कोविडनंतर घरोघरी ही यंत्रं आली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. शेगडी, गॅस गिझर, जनरेटर किंवा गाडीचा धूर यांचा संबंध असेल तर आकडा कितीही चांगला दिसो, आधी माणसाला उघड्यावर आणा, चालायला लावू नका, कुशीवर झोपवा आणि दवाखाना गाठा. आम्ही त्याला उचलून रस्त्यावर आणलं, गोधडी आता त्याच्यावर गेली. १०८ ची रुग्णवाहिका त्या कोंडीतून वर येणं शक्य नव्हतं. सहाच्या आसपास एका बाजूनं गाड्या सुटल्या, त्याला आमच्याच गाडीत मागे आडवं करून, काचा उघड्या ठेवून चाळीसगाव गाठलं. तिथे ऑक्सिजन सुरू झाला आणि दुपारपर्यंत पोरगा बोलायला लागला. अशा रुग्णात काही आठवड्यांनी विसरभोळेपणा किंवा वागण्यात बदल दिसू शकतो, म्हणून पुन्हा तपासायला आणा, असं त्याच्या मालकाला सांगून आम्ही निघालो.

हा झाला आपल्या घाटातला एका रात्रीचा हिशोब. आता हेच बर्फात मांडून बघा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला गेलेल्या पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या. बावीसहून अधिक माणसं गाड्यांतच गेली. काही थंडीनं आणि काही गाडीत भरलेल्या धुरानं. बर्फ सायलेन्सरच्या तोंडाशी साचतो, इंजिन चालू राहतं आणि धूर गाडीखालून आत येतो. आपल्याकडे अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यात लोक थेट तीन हजार मीटरवर गाडी नेतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग-अटल बोगद्याच्या रस्त्यावर हजारभर गाड्या बर्फात अडकल्या होत्या. पोलिसांनी माणसं सुखरूप काढली, पण कित्येक तास गेले.

म्हणून त्या केळीवाल्यांना म्हणालो, बर्फात गाडी अडकली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. बर्फ पडत असताना शंभर पावलांवर दिशा कळत नाही, शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. लाल ओढणी किंवा साडी वर बांधा. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवा, त्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातमोजे घालून काढा, आणि इंजिन चालू असताना वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवा. सगळे एकदम झोपू नका, एकानं जागं राहायचं. ओले मोजे लगेच बदला, पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगानं, पंचवीसेक पट, उष्णता ओढून नेतं. तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका, तो वितळवायला शरीराचीच उष्णता जाते. बोटं बधिर, पांढरी पडली तर चोळू नका, शेकू नका, काखेत धरा. दर अर्ध्या तासानं पाय हलवा, नाहीतर पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते. इन्सुलिन डिकीत नाही, अंगावर आतल्या खिशात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकून द्यायचं.

"आणि थोडी ब्रँडी?" त्यांनी हळूच विचारलं. हा प्रश्न येतोच. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते. वाटते तेवढीच. ती ऊब शरीराच्या आतून आलेली असते आणि बाहेर निघून जाते. शिवाय कुडकुडणं कमी होतं आणि अक्कलही. अडकलेल्या गाडीत ब्रँडी नको. गूळ-शेंगदाणे, खजूर, दशम्या घ्या, पाणी घ्या, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका आणि ११२ व महामार्गाचा १०३३ हे दोन नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण थंडीत मोबाइलची बॅटरी आधी मान टाकते.

गेल्या आठवड्यात ते परत आले. सोलंगच्या अलीकडे सहा तास अडकले होते म्हणे. त्यांच्या दहावीतल्या मुलानं घड्याळ लावून सायलेन्सरची ड्यूटी केली, आजीला मध्ये बसवलं, सगळे ठीक. तक्रार एकच होती. घरच्या बागेतली दोन डझन केळी हौसेनं नेली होती, ती डिकीत गारठून काळी ठिक्कर पडली. तेवढ्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.