चाकांचा तोल

पन्नाशी उलटलेल्या माणसानें स्वतःसाठीं नवा कोट शिवावा, नवा चष्मा घ्यावा, फार तर नवी काठी घ्यावी. पण जुनीं चाकें शाबूत असतांना गाडीला नवीं चाकें घ्यावींत, हें आमच्या सौभाग्यवतींना अखेरपर्यंत पटलें नाहीं. आम्हांलाही तें पटवून देतां आलें नाहीं. वीस वर्षें आम्हीं तर्कशास्त्र शिकविलें. परंतु या एका प्रकरणीं आमच्याजवळ इच्छा होती, हेतु नव्हता. शेजारच्या तरुण डॉक्टरांच्या गाडीचीं रुपेरी, दहा आऱ्यांचीं चाकें रोज सकाळीं आमच्या डोळ्यांसमोर चकाकत, आणि त्यांच्या शेजारीं आमच्या गाडीचीं काळीं पोलादी चाकें लग्नघरांत मळक्या धोतरानें आलेल्या पाहुण्यासारखीं दिसत. एवढेंच काय तें कारण.

वास्तविक असल्या चाकांत नवलाई अशी कांहींच नाहीं. १९२४ सालींच बुगाटीच्या शर्यतीच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमचीं चाकें होतीं. तेथें त्यांच्या हलकेपणाला अर्थ होता. आमच्यासारख्यांच्या गाड्यांवर तीं दागिना म्हणून बसतात, आणि दागिन्याच्या दुकानांत जें होतें तेंच त्या दुकानांत झालें. चार चाकें पसंत करून पैसे मोजतांना दुकानदार म्हणाला, "सर, रिंगाही घेऊन टाका. चारांचे आठशें." त्यानें पुढें केलेल्या वस्तु म्हणजे प्लॅस्टिकचीं चार काळीं कडीं! चाकांच्या खरेदीवर बांगड्यांचा आहेर करण्याइतके आम्ही भोळे नाहीं, असें आम्हीं त्यास हंसत सांगितलें. चाकें बसविणारा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, परभणीकडचा, एवढेंच पुटपुटला, "रिंगा असत्या तर बरं झालं असतं, सर." दुकानच्या नोकरानें दुकानचीच बाजू घ्यावी यांत नवल तें कोणतें? शिवाय अकरा वाजतां आमचा तास होता. आम्हीं मनगटावरचें घड्याळ त्याच्यापुढें धरून त्याला घाई करण्यास सांगितलें.

पुढचे आठ दिवस सुखाचे गेले. कारण ते पुण्यांत गेले. पुण्याच्या रस्त्यांवर चाकाचा दोष कोणता आणि रस्त्याचा कोणता, हें ओळखणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें आहे. मग पनवेलला एका मुंजीचें आमंत्रण आलें. द्रुतगति मार्गावर उर्से येथील टोलनाका मागें टाकला, वेग ताशीं ८० किलोमीटरांपुढें गेला, आणि आमच्या हातांतलें सुकाणूचक्र थरथरूं लागलें. ९५ ला आरसा थरथरूं लागला, आणि आरशांतले मागचे ट्रक पाण्यांतल्या प्रतिबिंबासारखे दिसूं लागले. वेग ७० वर आणतांच सर्व कांहीं शांत. कामशेतचा बोगदा गेला, खंडाळ्याचा घाट गेला, सौभाग्यवती एक शब्दही बोलल्या नाहींत. त्यांचें तें न बोलणें आम्हांला पनवेलपर्यंत ऐकूं येत होतें.

परत आल्यावर चाकांचा तोल साधून घेण्यासाठीं त्या दुकानाच्या आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तोल साधण्याचें यंत्र पाहण्यासारखें असतें. चाक काढून एका आडव्या दांड्यावर चढवितात, मधल्या भोकांत शंकूच्या आकाराचा पोलादी तुकडा दाटून बसवितात, आणि चाक गरगर फिरवितात. कोणत्या जागीं किती ग्रॅम कमी पडतात तें यंत्र सांगतें. तेवढें वजन रिमच्या आंतल्या अंगाला चिकटवायचें, पुन्हां फिरवायचें; दोन्ही बाजूंच्या आंकड्यांच्या जागीं शून्यें उमटलीं कीं काम संपलें.

स्टुलावर बसून हें पाहतांना आम्हांला आजोळच्या सुतार-लोहारांची आठवण होई. लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवून लांकडी चाकावर चढवीत, आणि वर घागरीनें पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, धाव आकसे, आरे तुंब्यांत करकरून घट्ट बसत. त्या चाकाचे ग्रॅम कोणीं मोजले नव्हते. बैलांच्या चालीनें जाणाऱ्या चाकाला त्याची गरजही नव्हती.

प्रत्येक वेळीं यंत्रावर शून्य येई, आणि प्रत्येक वेळीं द्रुतगति मार्गावर ८५ ला थरथर सुरू होई. तिसऱ्या खेपेस आमचा संयम सुटला. दुकानांत चार-पांच गिऱ्हाइकें होतीं. त्यांच्यादेखत आम्हीं त्या मुलास विचारलें, "तुझें यंत्र खोटें, कीं तूं खोटा?" तो म्हणाला, "मशीनवर शून्यच येतंय, सर. गाडीवर चाक मधोमध बसत नाही." मधोमध म्हणजे काय हें आम्हांला शिकविण्याची जरूर नाहीं, असें आम्हीं वर्गांतल्या आवाजांत बजावलें. मालक धांवत आला, हात जोडले, आणि मुलाकडे वळून म्हणाला, "याचा आजचा रोज कापतो, सर." आम्हीं मानेनें नको म्हटलें असतें तरी पुरे होतें. आम्ही गाडींत बसलों.

पुढच्या रविवारीं पदार्थविज्ञानाचे आमचे एक सहाध्यापक गंमत म्हणून गाडीबरोबर आले. थरथर सुरू होतांच त्यांनीं कसलेंही आश्चर्य दाखविलें नाहीं. घरीं आल्यावर त्यांनीं एक चाक उतरविलें, आणि गाडीच्या हबावर मधोमध जो गोल उंचवटा असतो त्याचा व्यास कॅलिपरनें मोजला: ५४.१ मिलिमीटर. नव्या चाकाचें भोक ७३.१ मिलिमीटर. म्हणजे चोहों बाजूंनीं साडेनऊ मिलिमीटर फट! आमच्या खिशांतली पेन्सिल त्यांत सहज गेली. एकच चाक पुष्कळ गाड्यांना चालावें म्हणून करणारे भोक मुद्दाम मोठें ठेवतात. उरलेली फट भरावयास तीं प्लॅस्टिकचीं कडीं. यंत्रावरचा शंकु लहानमोठ्या भोकांत सारखाच बसतो, म्हणून तेथें शून्य यावयाचेंच. गाडीवर मात्र मध्य साधण्याचें काम चार नटांवर पडतें. चाक अधांतरीं असतां ते समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले तर पुष्कळदां साधतेंही. घाईघाईनें पहिलाच नट पुरा आवळला कीं चाक एका अंगाला ओढलें जातें. घाई कोणीं केली होती, तें वर लिहिलेंच आहे.

मग त्यांनीं आमच्या टेबलावरच्या कोऱ्या पुरवणीवर हिशेब मांडला. टायरसह चाक सुमारें १६ किलोंचें. तें अर्धा मिलिमीटर जरी मध्य सोडून बसलें, तरी रिमच्या कडेला एकीकडे ४० ग्रॅमांहून अधिक वजन टांगल्यासारखें होतें, आणि ती कड ५-५ ग्रॅमांचे तुकडे चिकटवून आम्हीं तीनदां सजविली होती! ताशीं १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ १५ फेरे घेतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत सुमारें सात किलोंचा धक्का आंस हलवितो. वेग निम्मा केला तर धक्का चौथाईवर येतो. म्हणून पुण्यांत आठ दिवस सुखाचे गेले. आम्हीं ती पुरवणी दोनदां वाचली. हिशेबांत चूक नव्हती.

शनिवारीं आठशें रुपये भरून आम्हीं तीं कडीं घेतलीं. मालकानें ती जुनी गोष्ट काढली नाहीं, आम्हींही काढली नाहीं. मुलानें हबावर कडें दाबून बसविलें, चाक त्यावर सरकविलें तेव्हां 'टक्' असा बारीक आवाज झाला. नट त्यानें हातानेंच फिरविले, समोरासमोरचे. त्या दिवशीं आम्हांला कसलीच घाई नव्हती. रविवारीं उर्से ओलांडून १०० पर्यंत गेलों. सौभाग्यवतींनीं पाण्याचें भांडें हातांत धरलें होतें. त्यांतलें पाणी हललें नाहीं. "हेंच पहिल्यांदा केलं असतंत तर?" एवढेंच त्या म्हणाल्या.

परततांना आम्हीं दुकानापाशीं गाडी थांबविली. मुलगा एका ट्रकखालीं होता. तो हात पुशीत बाहेर आला. आम्हीं बोलावयाचीं वाक्यें वाटेंत जुळविलीं होतीं; त्यांतलीं निम्मीं घशांतच राहिलीं. चूक आमची होती, एवढें कसेंबसें सांगितलें. "गिऱ्हाइकं ओरडतातच, सर," तो म्हणाला. आम्हीं पांचशेंची नोट पुढें केली.

"हे कशाचे?"

"त्या दिवशींच्या तुझ्या रोजाचे."

त्यानें नोट घेतली, उलटसुलट पाहिली आणि शांतपणें म्हणाला, "रोज साडेसहाशे आहे, सर."

आम्हीं दीडशें रुपये काढून दिले.