बारावा गडी

मनुष्याला एकच गोष्ट उत्तम यावी की पाच गोष्टी बेताच्या याव्यात, हा प्रश्न वधूवरसंशोधनापासून कारकुनाच्या नेमणुकीपर्यंत सर्वत्र निघतो; आणि ज्यांना निवड करावयाची नसते ते त्याचे उत्तर मोठ्या उदारपणे देतात की, दोन्ही प्रकारची माणसे समाजाला हवीतच. परंतु जागा एकच शिल्लक असली आणि उमेदवार दोन असले, म्हणजे हे औदार्य काही कामास येत नाही. तेथे एकाला 'ये' म्हणावे लागते व दुसऱ्याला 'पुढच्या वर्षी पाहू' असे सांगावे लागते.

एककलमी माणसाविषयी माझ्या मनात पहिल्यापासूनच थोडा पक्षपात आहे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. त्याचे कारण पद्माकर शिवलकर. डाव्या हाताने फिरकी चेंडू टाकणे हा या गृहस्थांचा क्रिकेटमधला एकुलता एक व्यवसाय. फलंदाजीसाठी त्यांना कोणी कधी संघात घेतले नव्हते. (मैदानाबाहेर ते गातही असत, पण त्याच्या धावा मिळत नाहीत.) १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने रणजी करंडक ओळीने पंधरा वर्षे जिंकला. त्यांतील शेवटच्या अंतिम सामन्यात, मद्रासच्या चेपॉक मैदानावर, तामिळनाडूविरुद्ध शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. फलंदाजांची ददात ज्या संघाला कधी नव्हती, त्या संघाला शेवटच्या क्रमांकावर कोण येतो याची चिंता करण्याचे कारण नव्हते. उलट त्याच शिवलकरांना भारताच्या संघात एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. कारण तीच एक कला जाणणारे बिशनसिंग बेदी तेथे आधीच बसलेले होते. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेऊन हा मनुष्य बाहेरच राहिला, आणि मार्च २०२५ मध्ये वारला. एककलमी माणसाचे दैव असे असते: घर मोठे असले तर त्याला जागा मिळते, पण त्या घरात त्याच्यासारखा दुसरा नसला पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. यवतेस आमच्या आळीतील मुलांचा कबड्डीचा एक संघ आहे आणि तो, घरचा म्हणून म्हणत नाही, चांगला तोलाचा आहे. सामन्यांसाठी बारा नावे द्यावयाची असतात. सात मैदानात, पाच राखीव. निवड करावयास तिघे जण बसलो होतो. अकरा नावे चहा येण्यापूर्वीच ठरली. बाराव्या नावावर मात्र रात्रीचे साडेदहा वाजले. एक मुलगा असा की, चढाईला पाठवा, कोपऱ्यात उभा करा, साखळीत घाला, कोठेही तो लाज राखील. दुसऱ्याला एकच गोष्ट येते, ती म्हणजे बोनस. पण ती अशी येते की, पाहणाराने पाहत राहावे. उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आहे, डावा अधांतरी आहे, आणि कोपऱ्यातला गडी घोट्याला हात घालतो तोवर हा मध्यरेषेकडे निघालासुद्धा! पकडीत मात्र त्याचा काही उपयोग नाही. हे त्याचे तोच सांगतो. "काका, मी शिरलो की साखळी तुटते," असे तो मला म्हणाला, आणि ते म्हणताना त्याची मान खाली गेली नाही, हे मला आवडले.

आमच्यातले एक निवृत्त शिक्षक या मुलाच्या नावास कसून विरोध करीत होते. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता, म्हणून सविस्तर देतो. ते म्हणाले, "अहो, बोनसचा गुण म्हणजे काय, ते आधी नीट पाहा. समोर सहा किंवा सात गडी उभे असतील तरच तो मिळतो. तो मिळाल्याने समोरचा एकही बाद होत नाही आणि आपला बाद झालेला एकही आत येत नाही. शिवाय आपला संघ जोरकस. पहिल्या दहा मिनिटांत आपण समोरच्यांना चार-पाचांवर आणतो. मग तुमचा हा बोनसवाला करणार काय? रेषा ओलांडून यात्रा करून येणार?"

या बोलण्यात तथ्य आहे, नव्हे, पुष्कळच तथ्य आहे. बलवान संघ जितका चांगला खेळेल तितका या कलेला वाव कमी, हे गणित मला तरी त्या रात्रीपर्यंत कोणी इतके स्वच्छ मांडून दाखविले नव्हते. आणि शिक्षकांनी पुढे पुणेरी पलटणचे उदाहरण दिले तेव्हा तर तिसरे सभासद माना डोलावू लागले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस पलटणने हरियाणाच्या संघाला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे अजिंक्यपद मिळविले. अस्लम इनामदार कर्णधार आणि बी. सी. रमेश प्रशिक्षक असलेल्या त्या संघाचे वैशिष्ट्य हेच की, चढाई करणारे पकडीत हात घालीत आणि मोहम्मदरझा शादलू याच्यासारखा इराणी पकडपटू प्रसंगी चढाईलाही जाई. "सर्वांना सर्व आले पाहिजे, हा आजचा खेळ आहे," असे म्हणून शिक्षकांनी चहाचा पेला खाली ठेवला.

परंतु त्याच अंतिम सामन्यात पलटणतर्फे सर्वांत जास्त, म्हणजे नऊ गुण मिळविले ते पंकज मोहिते याने. आणि त्यांतील चार एकाच चढाईत. त्याची नेमणूक चढाईसाठी होती, व तेवढे त्याने केले. तीन गुणांनी सुटलेल्या सामन्यात चार गुणांची एक चढाई काय किमतीची, हे शिक्षकांनीच हिशेब करून पाहावे.

आता त्यांच्या गणिताचे उत्तर. समोरचे चार-पाचांवर येतात ते दुबळ्यांशी गाठ पडते तेव्हा. आणि दुबळ्यांशी आपण बोनसवाल्यावाचूनही जिंकतो. बारावा गडी निवडावयाचा तो त्या सामन्यांसाठी नव्हे. ज्या सामन्यात दोन्ही बाजू तुल्यबळ असतात, समोर सहा-सात गडी तासलेल्या खांबांसारखे उभे असतात, आपल्या दोन चढाया कोऱ्या गेलेल्या असतात आणि तिसरीत गुण न आणल्यास चढाई करणाराच बाद व्हावयाचा असतो, तो सामना डोळ्यांपुढे आणा. तेथे एक गुण खात्रीने आणणारा पाय म्हणजे काय, हे ज्याने अशी चढाई केली आहे त्यालाच कळेल. शिवाय त्याचा पाय रेषेकडे सरकू लागला की कोपऱ्यांना पुढे यावेच लागते, आणि कोपरे हलले की साखळीचा बेत बिघडतो.

याच तऱ्हेचा वाद बास्केटबॉलमध्ये नेहमी चालतो. त्या खेळात पाच जण मैदानात असतात आणि पाचही जणांना हल्ला व बचाव दोन्ही करावे लागतात. फलंदाजी संपवून सावलीत बसण्याची सोय नाही. दुरून अचूक नेम टाकणे एवढेच ज्याला येते, त्याला प्रतिपक्ष बचावात हटकून गाठतो. तरीही अमेरिकेतील शिकागो बुल्स या महाबलाढ्य संघाने स्टीव्ह कर नावाचा असा एक नेमबाज राखिवांत पाळला होता. त्याची तीन गुणांच्या नेमांची सरासरी शेकडा ४५.४, ती आजवर त्या व्यावसायिक स्पर्धेत कोणी ओलांडलेली नाही. १९९७ च्या जून महिन्यात अंतिम फेरीचा सहावा सामना ८६-८६ असा बरोबरीत आला. चेंडू मायकेल जॉर्डनच्या हाती. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. करला राखणारा जॉन स्टॉक्टन त्याला सोडून जॉर्डनवर धावला. जॉर्डनने चेंडू करकडे दिला, करने नेम मारला, आणि पाच सेकंद उरले असता अजिंक्यपद शिकागोकडे झुकले.

या कथेत लोक करचा नेम पाहतात. मला त्यापेक्षा त्याच्या भोवतीची माणसे पाहावीशी वाटतात. जॉर्डन होता म्हणून कर मोकळा राहिला. आणि पिपेन, हार्पर, रॉडमन यांच्यासारखे चिवट बचावपटू होते म्हणून करचा उणेपणा झाकला गेला. हाच कर एखाद्या सामान्य संघात पहिल्या पाचांत घातला असता तर त्याचे नेम मोजण्यापूर्वी लोकांनी त्याच्या डोक्यावरून झालेले गोल मोजले असते.

आमच्या गावात हे समजण्यास शिकागोपर्यंत जावयास नको. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतेस येते, काळभैरवनाथाच्या देवळात मुक्काम करते, आणि वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण असते. भाकऱ्या घरोघरून येतात, पिठले मोठमोठ्या कढयांत शिजते. त्या कढयांपाशी माझ्या परिचयाचे एक गृहस्थ असतात. त्यांना पिठल्यात गुठळी होऊ न देता घोटता येते, यापलीकडे स्वयंपाकातले काहीही येत नाही. घरी चहासुद्धा त्यांची पत्नीच करते. पण त्या दिवशी त्यांच्या हाताला दुसरा हात लागू देत नाहीत. चार माणसांच्या घरी त्यांना आचारी ठेवले तर घर उपाशी राहील. गावजेवणात मात्र भाकरी थापणारी, सरपण आणणारी, वाढणारी माणसे शेकड्यांनी असतात, म्हणून फक्त घोटणारा परवडतो. नव्हे, तोच लागतो.

शिक्षकांचा शेवटचा प्रश्न रोखठोक होता: "कोपऱ्यातला गडी दुखावला तर?" त्याचेही उत्तर त्या अकरा नावांतच होते. उरलेल्या चार राखिवांपैकी दोघे कोपरा सांभाळणारे आहेत. ते नसते, तर मी बोनसचे नावही काढले नसते आणि सर्व काही येणाऱ्या मुलालाच मत दिले असते.

शेवटी बोनसवाल्याचे नाव दोन विरुद्ध एक असे मंजूर झाले. अट एवढीच की, शेवटच्या पाच मिनिटांत आपण पुढे असलो तर त्याने बाहेर बसावे, कारण तेव्हा गुण आणावयाचे नसतात, राखावयाचे असतात. त्याने ती अट ऐकून घेतली आणि "बरं," म्हणाला.

वगळलेल्या मुलाच्या घरी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मीच गेलो. तो गोठ्यात धार काढीत होता. तू कमी पडलास असे मी त्याला सांगितले नाही, कारण ते खरे नव्हते. दुसऱ्या कोणत्याही संघात तो पहिल्या सातांत असता. आमच्याकडे त्याच्यासारखे सहा जण आहेत, हा त्याचा अपराध नव्हे. हे सर्व त्याने धार न थांबविता ऐकले आणि विचारले, "मग शेजारच्या गावच्या संघाकडून खेळलो तर चालेल का, काका?" मी म्हटले, "अवश्य खेळ." उपांत्य फेरीत त्यांची नि आमची गाठ पडण्याचा संभव आहे, असे परवा शिक्षक मोठ्या समाधानाने सांगत होते.