संघाची वही आणि संगणक

पर्युषणाची धामधूम ओसरली, क्षमापना झाली, की संघाच्या सभेत अलीकडे एक विषय हमखास निघतो. संघाचा हिशेब संगणकावर कधी घ्यायचा आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडायचे? विषय बहुधा तरुण कार्यकर्ते मांडतात, ज्येष्ठ माना डोलावतात, आणि ज्याला ते रोज चालवायचे आहे तो मुनीम दाराजवळ गप्प बसलेला असतो.

पश्चिम महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी हा विषय वर्षभर रेंगाळला. पुढ्यात दोन पर्याय होते. पहिल्यात सभासदांची छायाचित्रांसह यादी, धर्मशाळेच्या खोल्यांचे आरक्षण, भोजनशाळेची कुपने, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दरवर्षी भरायचे शुल्क. दुसऱ्यात केवळ पावती, रोजमेळ, खतावणी आणि तेरीज. सभेचा कौल अर्थातच पहिल्याकडे होता. सुविधा जितक्या अधिक तितका सौदा किफायतीचा, हा व्यापारी मनाचा जुना हिशेब.

परंतु संघाचा हिशेब पेढीच्या हिशेबासारखा नसतो. श्वेतांबर मूर्तिपूजक संघात देवद्रव्य वेगळे, ज्ञानद्रव्य वेगळे, जीवदया वेगळी आणि साधारण खाते वेगळे. एकाची रक्कम दुसऱ्यात मिसळणे हा तेथे केवळ जमाखर्चाचा दोष राहत नाही, तो श्रद्धेचा भंग ठरतो. देवद्रव्यात शिल्लक आहे म्हणून उपाश्रयाचे वीजबिल त्यातून भागवता येत नाही. मग सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क कोणत्या खात्यातून द्यायचे? साधारणमधून. आणि साधारण खाते हेच बहुतेक संघांत सर्वांत अशक्त असते. हा प्रश्न सभेत मुनीमजींनी विचारला, तेव्हा प्रथमच थोडी शांतता पसरली.

पावतीचा प्रश्न त्याहून रोकडा आहे. बोल्या पूर्ण झाल्यावर पेढीवर गर्दी उसळते. त्या तासाभरात नाव, रक्कम आणि खाते एवढे लिहून पावती हाती पडली पाहिजे. पहिल्या प्रणालीत एका पावतीसाठी पाच-सहा पडदे ओलांडावे लागत. ‘‘भाऊ, पावती फाडायला मला एकच पान पुरतं,’’ असे मुनीमजी म्हणाले, त्यात संगणकाची भीती नव्हती, पन्नास वर्षांचा अनुभव होता. अर्थात कायद्याने काही माहिती वाढवली आहे आणि ती टाळता येत नाही. देणगीवरील आयकर सवलतीसाठी 2,000 रुपयांवरील रोख देणगी चालत नाही, आणि 2021-22 या आर्थिक वर्षापासून अशा देणगीदारांचा तपशील ओळख क्रमांकासह आयकर खात्याला कळवावा लागतो. गुप्तदान करणाऱ्या जुन्या मंडळींना हे खटकते. त्याला सॉफ्टवेअर काय करणार!

चूक दुरुस्त कशी होते, हे मात्र सॉफ्टवेअर घेताना सर्वांत आधी पाहावे. जुन्या वहीत खाडाखोड निषिद्ध होती. चुकीची नोंद तशीच ठेवून उलट नोंद घालावी लागे. काही प्रणालींत जुनी पावती मागमूस न ठेवता पुसता येते, आणि ते सोयीचे म्हणून सांगितले जाते. कंपन्यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारेच सॉफ्टवेअर सक्तीचे झाले. सार्वजनिक न्यासांना तो नियम लागू नसला, तरी देवाच्या पैशाला कंपनीच्या पैशाहून कमी जपावे असे कोण म्हणेल? आणखी एक गोष्ट, उद्या ही प्रणाली सोडायची झाली तर सगळा हिशेब साध्या तक्त्यांच्या रूपात बाहेर काढता येतो का? बसवून देणारा होतकरू तरुण दोन वर्षांत नोकरीसाठी बंगळुरूला जातो, आणि संकेतशब्द त्याच्याबरोबर जातो. असे घडलेले संघ थोडे नाहीत.

पहिल्या पर्यायातील सर्वांत वाखाणलेली सुविधा होती थकबाकीची आपोआप आठवण. बोलीची रक्कम भरली नाही, की दर आठवड्याला त्या कुटुंबाच्या मोबाइलवर संदेश. चाचणीच्या महिन्यात असा एक संदेश ज्या घरी गेला, त्या घरचे दुकान नुकतेच बंद पडले होते. फोन सुनेच्या हाती होता. त्या घरातील वृद्ध शेठ पुढचे कितीतरी दिवस पूजेला आले नाहीत. बोली लवकर भरावी, देवद्रव्य अंगावर ठेवू नये, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. पूर्वी अशा वेळी अध्यक्ष संध्याकाळी घरी जात, चहा घेत, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढत, आणि निघताना हप्ते ठरलेले असत. त्याची नोंद खतावणीत दिसे, बैठकीची कोठेच नाही.

दुसरा पर्याय निवडला गेला तो या घटनेनंतर. 1984 च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यंत्रे आली, तेव्हा हाताचे खतावणीपुस्तक लगेच बंद झाले नव्हते. काही काळ दोन्ही चालत आणि शिलका जुळल्यावरच पुस्तक मिटले जाई. संघानेही तेच केले. 1 एप्रिलपासून वही आणि संगणक बरोबरीने चालू लागले. पहिल्या महिन्यात जीवदया खात्यात तफावत निघाली. चूक वहीत होती, बेरजेची, आणि ती मुनीमजींनीच शोधली. आता त्यांच्याखेरीज आणखी दोघांना, त्यांत एक गृहिणी, सारे काम येते. दर शनिवारी हिशेबाची प्रत निघते आणि एक प्रत पेढीबाहेर ठेवली जाते.

थकबाकीची यादी महिन्याअखेर एका कागदावर छापली जाते. अध्यक्ष ती घडी करून खिशात घालतात आणि संध्याकाळी पायी निघतात.