गारवा आणि गळती

उन्हाळ्यात आपण सहज म्हणतो, 'एसी थंडी तयार करतो.' बोलण्यापुरते ते ठीक आहे; पण थंडी नावाची वस्तू तयार करता येत नाही. उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकता येते, एवढेच. माठातले पाणी झिरपून बाहेर येते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मोटारीतील एसीही द्रवाची वाफ करूनच गारवा देतो. फरक इतकाच, की माठातून उडालेले पाणी परत येत नाही. एसीतला वायू मात्र कॉम्प्रेसरने दाबला जाऊन पुन्हा द्रव होतो आणि त्याच बंद नळ्यांतून फिरत राहतो. हा 'बंद' शब्द तुम्ही ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी हकीकत त्याच्याभोवती फिरते.

माझ्या वडिलांकडे १९९२ सालची काँटेसा आहे. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये बाजारात आणलेली ही ऐसपैस गाडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या जुन्या आराखड्यावर बेतलेली होती. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकत असताना काचा वर करून अशा गाडीतून जाणे ही त्या काळी चैन होती. पुढे घरात दुसरी गाडी आली आणि काँटेसा ताडपत्रीखाली गेली. वडील दर रविवारी तिला पुसत, पॉलिश करत. झिजेल म्हणून बाहेर मात्र काढत नसत. ऐंशी पूर्ण झाल्यावर त्यांनी मनात धरले, की अमरावतीला आत्याच्या नातीचे लग्न आहे, तर याच गाडीने जायचे. लग्न मे महिन्यातले, वाट सुमारे दीडशे किलोमीटरची आणि उन्हाचा प्रवास त्यांच्या प्रकृतीला न झेपणारा. एसी चालू झाला तरच जाणे शक्य होते.

पहिल्या गॅरेजमध्ये सांगण्यात आले, 'गॅस भरून देतो, एक उन्हाळा निघेल.' हा सल्ला तुम्हीही कधीतरी ऐकला असेल. पण विचार करा : एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. नळ्या खरोखरच बंद असतील, तर तो वर्षानुवर्षे तितकाच राहायला हवा. तो कमी झाला, याचा अर्थ कुठूनतरी निसटला. ती जागा न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्क मिस्त्रींनी गॅसला हातच लावला नाही. त्यांनी नळ्यांत नायट्रोजनचा दाब दिला आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस ब्रशने लावत गेले. दोन जोडांवर बारीक बुडबुडे आले. तेथील ओ-रिंगचे रबर कडक झाले होते. सर्वांत मोठा फुगा आला तो कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी. त्या दांड्याभोवतीचे सील तेलाने ओले राहावे लागते आणि ते तेल गॅसबरोबर फिरत असते. कॉम्प्रेसर फिरलाच नाही, तर तेल तळाशी बसते, सील कोरडे पडते आणि गळू लागते. झिजू नये म्हणून उभी ठेवलेली गाडी उभी राहिल्यामुळेच बिघडली होती. वडील ते ऐकून बराच वेळ बुडबुड्यांकडे पाहत राहिले.

खरा पेच पुढे होता. 'कंपनीने जो गॅस भरला होता, तोच भरा,' असा वडिलांचा आग्रह. तो गॅस म्हणजे आर-१२. थॉमस मिजली या अमेरिकी संशोधकाच्या प्रयत्नांतून तो शीतयंत्रांत आला. त्यापूर्वीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. १९३० मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा नवा वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकून ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. मात्र १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले, की हाच निरुपद्रवी वायू वातावरणात उंच गेल्यावर ओझोनचा थर नष्ट करू शकतो. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला निरोप देण्याचे ठरले आणि यथावकाश भारतातही त्याचे उत्पादन थांबले.

मिस्त्रींनी हा इतिहास सांगितला नाही. ते एवढेच म्हणाले, 'काकाजी, गाडी ठेवायची का गॅस ठेवायचा, तेवढं ठरवा.'

वडिलांनी गाडी ठेवायचे ठरवले. पण आर-१३४ए हा नवा गॅस जुन्या यंत्रात नुसता भरून भागत नाही. जुने खनिज तेल त्याच्यात मिसळत नाही. म्हणून ते काढून एस्टर तेल घालावे लागते. नवा गॅस जुन्या रबरी नळ्यांतून अधिक सहज झिरपतो, म्हणून नळ्या बदलाव्या लागतात. ओल शोषणारा ड्रायर नवा बसवावा लागतो. उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सरही आम्ही अधिक क्षमतेचा घेतला. मग पंपाने आतली हवा ओढून काढली. दाब इतका उतरतो, की नळ्यांत राहिलेली ओल साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. पंप बंद केल्यावर मिस्त्री अर्धा तास मीटरसमोर बसून राहिले. काटा हलला नाही. यंत्र बंद झाले होते, खऱ्या अर्थाने. त्यानंतरच त्यांनी गॅस तोलून भरला, तोही पूर्वीपेक्षा थोडा कमी.

नवा गॅस ओझोनला अपाय करत नसला, तरी निर्दोष नाही. वजनास वजन धरले, तर शंभर वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो; म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. साबणाच्या एका बुडबुड्याचा संबंध असा थेट आकाशाशी पोहोचतो.

जुन्या वस्तूंविषयी, जुन्या शब्दांविषयी, जुन्या ग्रंथांविषयी आपल्याला माया असते आणि ती असावी. मात्र जपणे म्हणजे झाकून ठेवणे, अशी समजूत त्या मायेतूनच तयार होते. खंडानंतर पुन्हा अभ्यासाला बसलेल्या तुमच्यापैकी अनेकांना हे अधिक जवळून ठाऊक असेल : न वापरलेले कौशल्य आहे तसे राहत नाही. ते पुन्हा चालते करताना सील बदलावे लागते, तेल बदलावे लागते. तरीही गाडी तीच राहते.

लग्नाला आम्ही काँटेसानेच गेलो. निघताना मिस्त्रींनी एक पथ्य सांगितले होते : हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे सील ओले राहील. वडील आता दर रविवारी गाडी पुसत नाहीत. थंडीच्या दिवसांत अंगावर शाल घेतात, एसी लावतात आणि वर्धा रस्त्याने एक फेरी मारून येतात.