वाचले असे समजूया

देवस्थान असो, पतसंस्था असो वा नाट्यमंडळ, विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आणि तो उरकतोही अर्ध्या मिनिटात. 'वाचले असे समजूया ना?' 'मंजूर, मंजूर!' बाहेर चहा तयार असतो ना!

गेल्या वर्षी गुंजीला मात्र हा विषय पाऊण तास चालला. लोंड्याहून खानापूरकडे जाताना हे गाव लागते. स्टेशनची पाटी आणि माऊली देवीचे देऊळ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माझे मामा तिथले, म्हणून त्यांच्या एका संस्थेच्या वार्षिक सभेत मागे जाऊन बसलो. (संस्थेचे नाव सांगत नाही, हवे तर तुमच्या गावातली समजा.) अहवाल कानडीत छापलेला. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, कागद कानडी झाले, घरातली बोली मराठीच राहिली. चिटणिसांनी नेहमीचे 'समजूया' म्हणताच एक आजी उठल्या, "समजून काय घेतोस? वाच की!"

वाचावे लागले. कानडी वाक्य, लगेच त्याचा मराठी अर्थ. चौथ्या की पाचव्या ठरावात निघाले, की संस्थेच्या दोन खोल्या पाच वर्षांसाठी भाड्याने दिल्या आहेत. सगळे गप्प. हा विषय म्हणे 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी' आला होता. तोवर निम्मे सभासद जेवायला गेलेले असणार!

इथे एक गैरसमज नेहमीचा. इतिवृत्त कायम करणे म्हणजे नोंद खरी आहे एवढेच मान्य करणे. ठराव योग्य होता की नाही, हा प्रश्न वेगळा. नोंद चुकीची असेल तर तिथेच दुरुस्ती मागायची. ठरावच नको असेल तर तो नोटिशीत रीतसर विषय म्हणून घालून पुन्हा सभेपुढे आणायचा. आणि पैसा, जागा, घटना यांना हात घालणारे काही आयत्या वेळी घ्यायचेच नाही. जो सभासद घरी राहिला, तो नोटीस वाचूनच घरी राहिलेला असतो!

आपल्या गोव्यात गावकारीच्या बैठकीला एकमताची परंपरा होती. एकटा गावकारही ठराव अडवू शके आणि नोंद कुळकर्ण्याच्या वहीत जाई. १५२६ साली अफोन्सो मेशियाने हे रिवाज फोरालात लिहून काढले, रिवाज त्याहून जुने. अर्थात त्या बैठकीत बायकांना आणि कुळा-मुंडकारांना जागा नव्हती. गुंजीच्या आजी तिथे बसूच शकल्या नसत्या, तेव्हा फार गोडवे नकोत.

परवा आमच्या वाड्यावरच्या संस्थेची नोटीस आली. सात विषय, आठवा 'आयत्या वेळचे'. चिटणिसांना फोन करून विचारले, आठव्यात काय आहे?

"काही नाही हो, थोडे रंगकाम आहे."

रक्कम विचारली. म्हणाले, "ती सभेत कळेलच."