टेकडीवरचा आकडा आणि वाकडचा सिग्नल

पुण्यात टेकडीवर फिरणाऱ्यांसाठी एआरएआय म्हणजे निव्वळ एक खूण. ‘एआरएआयपाशी भेटू’ म्हणायचं, बस्स. पण गाडीच्या जाहिरातीत ज्या ‘एआरएआय मायलेज’चा गाजावाजा असतो, ती संस्था हीच! २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड आली ती लिटरला २७.९७ किलोमीटरचा दावा घेऊन. आकडा कसला सॉलिड, नाही? फक्त ही टेस्ट रस्त्यावर होत नाही. गाडी रोलर्सवर उभी राहते, एसी बंद, टॉप स्पीड ९०, आणि १,१८० सेकंदांत, म्हणजे जेमतेम वीस मिनिटांत, खेळ खलास. रिक्षा आडवी येत नाही, खड्डा येत नाही.

तेव्हा वीकएन्डला गाडी काढा आणि मुंबईच्या दिशेने निघा. हायब्रिडचा खरा स्वभाव या एकाच रस्त्यावर कळतो.

चांदणी चौकातून बायपासला लागलात की वाकडपर्यंत रांगत जायचं. आपण शिव्या घालतो, हायब्रिड मात्र इथे जाम खूश! पेट्रोल इंजिन बंद, गाडी मोटरवर गुपचूप सरकतेय. ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत. मे महिन्यात एसी फुल असेल तर तोही त्याच बॅटरीवर चालतो, मग इंजिन मधूनच जागं होऊन चार्जिंग करतं. तरी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा खर्च बराच कमी. (‘माइल्ड हायब्रिड’ हे वेगळं प्रकरण. ती नुसत्या मोटरवर चालत नाही. शोरूममध्ये ‘हायब्रिड’ ऐकून लगेच हुरळू नका.)

किवळ्याला एक्स्प्रेस वे लागला की चित्र पालटतं. ताशी १०० ला ब्रेक लागतच नाही, मग बॅटरीत जमा काय होणार? त्यात वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट. सगळं ओझं इंजिनावर. ८० ने गेलात तर फरक लगेच दिसेल, पण ८० ने जातंय कोण!

लोणावळ्याला चिक्की घ्या आणि जुन्या हायवेने खोपोलीत उतरा. साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार आहे. चार माणसं बसलेल्या गाडीसाठी ही दोन युनिटांहून जास्त ऊर्जा झाली. विटाराची बॅटरी आहे फक्त पाऊण युनिटाची. म्हणजे खोपोलीच्या आधीच ती फुल होऊ शकते, उरलेला फुकटचा माल तापून हवेत! परत येताना हाच घाट चढायचा, तेव्हा साठवलेलं चटकन संपतं आणि इंजिन एका सुरात ओरडत राहतं. पुढे पनवेल सोडून चेंबूरच्या गर्दीत शिरलात की गाडी पुन्हा माहेरी आल्यासारखी.

आता ईएमआयचं बोलू. समजा, ट्रॅफिकमध्ये साधी गाडी १५ देते आणि हायब्रिड २०. महिन्याला १,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये. वाचतात साधारण १,७५० रुपये. हायब्रिडसाठी दोन लाख जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला साडेनऊ वर्षं! रोज हिंजवडी गाठणाऱ्याचं रनिंग याच्या दुप्पट असेल तर पाचेक वर्षांत जमतं. पण गाडी आठवडाभर सोसायटीत उभी आणि रविवारी फक्त एक्स्प्रेस वे, असं असेल तर हे जास्तीचे पैसे नक्की कशासाठी?

मायलेज मोजायला डॅशबोर्डवर विसंबू नका. टाकी ऑटो-कटपर्यंत भरा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेईल. त्याला सरळ सांगा, संध्याकाळी साडेसहाला भूमकर चौकात भेटू.