माटुंग्याच्या बोर्डिंगमध्ये पुन्हा

मुंबईतील माटुंगा दाक्षिणात्यांचा म्हणून ओळखला जातो, आणि या ओळखीचे मूळ शहराच्या आखणीत आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा परिसरात नवी वसाहत आखली, आणि कारकुनीच्या नोकऱ्यांसाठी आलेली दक्षिणेकडील कुटुंबे तेथे स्थिरावत गेली. मागोमाग एकट्या नोकरदारांच्या पोटाची सोय पाहणारी बोर्डिंगे उभी राहिली. बोर्डिंग म्हणजे येथे राहण्याची जागा नव्हे, तर ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण देणारी खानावळ. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. प्रस्तुत लेखक विद्यार्थिदशेत ज्या बोर्डिंगमध्ये जेवत असे आणि दीर्घ काळ परगावी राहिल्यानंतर जेथे नुकताच पुन्हा जेवला, ते त्याच परंपरेतील असले तरी लौकिकाने बरेच लहान आहे.

या परंपरेचा उगम उडुपीच्या श्रीकृष्ण मठात शोधला जातो. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी स्थापिलेल्या या देवस्थानाची पूजा आठ मठांकडे दर दोन वर्षांनी आळीपाळीने जाते, या पाळीला ‘पर्याय’ म्हणतात, आणि ज्या मठाची पाळी असेल त्याच्याकडे पूजेबरोबर अन्नदानाचीही जबाबदारी असते. कांदा-लसूण वर्ज्य असलेला स्वयंपाक मोठ्या पंगतीला वेगाने वाढण्याची शिस्त अशा पाकशाळांत मुरली आणि तेथील आचाऱ्यांबरोबर शहरांत आली. उडुपी हॉटेल म्हणजे केवळ इडली-डोसा, हा मुंबईकरांचा समज त्यामुळे फारच तोकडा ठरतो.

केळीच्या पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे असते. वरच्या अंगाला मीठ, लोणचे, भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर म्हणजे कोसंबरी आणि ‘पल्य’ म्हणजे खोबरे घातलेली कोरडी भाजी येते, खालच्या अंगाला भात पडतो, आणि त्यावर सांबार, ‘सारु’ म्हणजे रसम आणि शेवटी ताक येते; हा क्रम जेवणारा नव्हे, तर वाढपी चालवतो. माटुंग्याच्या तंत्रशिक्षण संस्थांतील वसतिगृहवासी मुलांना हे जेवण प्रिय वाटे, त्याचे श्रेय चवीइतकेच या व्यवस्थेला द्यायला हवे, कारण काय मागवावे हा प्रश्न तेथे उद्भवतच नसे आणि किती खावे याचे उत्तर भूक देत असे. मोजका भात मिळणाऱ्या स्वस्त मर्यादित थाळीची सोय तेव्हाही होती, परंतु तिच्याकडे ही मुले काहीशा तुच्छतेने पाहत.

पुनर्भेटीत दिसलेले बदल किरकोळ होते: खुर्च्या नव्या, दराचा फलक नवा, आणि वाढपी बहुधा लेखकाच्या मुलांच्या वयाचे. (पैसे आधी भरून कुपन घ्यायचे, ही रीत मात्र तशीच होती.) सांबाराला धण्याचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास होता, रसमात मिरी तितकीच झणझणीत होती, आणि जुन्या चवी हरवल्याची जी तक्रार परतलेल्या माणसाकडून अपेक्षित असते तिला येथे जागाच नव्हती. बदल जाणवला तो दुसऱ्या भाताला. वाढप्याने नेहमीच्या वेगाने भाताचे भांडे पुढे आणले, लेखकाने पानावर आडवा हात धरला, आणि क्षणभर थांबून तो वाढपी पलीकडच्या पानाकडे वळला, जेथे एक महाविद्यालयीन मुलगा चौथ्यांदा सांबार मागत होता. सारे आयुष्य आवडीनिवडी ठरवण्यात आणि पथ्यपाण्याचा हिशेब ठेवण्यात गेल्यावर, न विचारता वाढणाऱ्या माणसासमोर बसण्याची सवय मोडलेली असते. हात धुऊन परतताना लेखकाने फलक पुन्हा वाचला. मर्यादित थाळी अद्याप मिळते, आणि पुढच्या खेपेला कुपन तिचेच घ्यावे लागणार आहे.